संगणक मुका होतो तेव्हा

बोलीच्या अभ्यासात आता कागदाइतकेच महत्त्व कानाला आले आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांतील ओव्या, लग्नातली गाणी, वडीलधाऱ्यांच्या गप्पा अनेकांनी कॅसेटवर टिपून ठेवल्या आहेत. इंदूरला आम्ही काही शिक्षक अशा कॅसेटी संगणकावर उतरवीत आहोत. मध्यंतरी या संगणकाला नवा मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड बसवले, आणि तो मुका झाला. पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने सगळे पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला. डिस्कवर कित्येक तासांचे ध्वनिमुद्रण होते. म्हणून मी आधी त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मग एकेक गोष्ट तपासली. पुसण्याची वेळ आली नाही. असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो, म्हणून तो क्रम येथे मांडतो.

फाईलमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो. ड्रायव्हर नावाची आज्ञावली ते आकडे ध्वनीच्या चिपकडे पोचवते, चिप त्यांचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करते, आणि त्या लहरी वायरीतून स्पीकरपर्यंत जातात. नवा भाग बसवला की या वाटेवरचा एखादा टप्पा बदलतो. आवाज बहुधा नाहीसा झालेला नसतो. तो दुसरीकडे गेलेला असतो.

पहिली तपासणी फुकटची आहे. एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. त्यामुळे नवे ग्राफिक्स कार्ड बसताच संगणकाला आवाज बाहेर पाठवण्याचा आणखी एक मार्ग मिळतो, आणि कधीकधी तो त्यालाच मुख्य मानतो. मॉनिटरला स्पीकर नसेल तर शांतता! टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडावी आणि आउटपुटमध्ये मॉनिटरऐवजी स्पीकर निवडावा. आमचा अर्धा प्रश्न येथेच सुटला.

दुसरी तपासणी वायरींची. मागच्या बाजूस हिरवे भोक स्पीकरचे, गुलाबी मायक्रोफोनचे आणि निळे लाइन-इनचे, असा सर्वसाधारण संकेत आहे. मागून आवाज येतो पण पुढच्या भोकातून येत नाही, असे असल्यास कॅबिनेटच्या पुढच्या भागाची बारीक वायर मदरबोर्डला जोडायची राहिलेली असते. आमच्याकडे नेमके तेच झाले होते. संगणक बंद करून, प्लग काढून ती जोडावी.

एवढ्याने भागले नाही तर ड्रायव्हर पाहावा. मदरबोर्ड बदलला की ध्वनीची चिपही बहुधा बदलते, आणि जुना ड्रायव्हर तिला चालेलच असे नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसल्यास बोर्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. चिपचे नावच दिसत नसेल तर बायोसमध्ये ध्वनीची सोय बंद तर नाही ना, तेही पाहावे. एका वेळी एकच बदल करावा. म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

आवाज ऐकू आला म्हणजे काम संपले, असे भाषेच्या अभ्यासकाने मानू नये. खरा धोका त्यानंतर असतो. नव्या बोर्डावर निळे भोक नसेल तर कॅसेट प्लेअरची वायर गुलाबी भोकात घालण्याचा मोह होतो. ते भोक मायक्रोफोनच्या अतिक्षीण लहरींसाठी असते; प्लेअरच्या जोरकस लहरींनी आवाज फाटतो. अशा वेळी लाइन-इन असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू केला की आवाज टेलिफोनसारखा होतो. टेलिफोनची जुनी मर्यादा सुमारे ३,४०० हर्ट्‌झ आहे, आणि ‘स’चा बराचसा ध्वनी त्याच्या वर असतो. म्हणजे ‘स’ आणि ‘श’ यांतला भेद पुसट होतो. नव्या ड्रायव्हरबरोबर कधीकधी गोंगाट कमी करण्याची सोय आपोआप सुरू होते. ती दूरध्वनीवरील संभाषणासाठी ठीक; पण तिच्यामुळे शब्दान्तीचा श्वास आणि हलके उच्चार कापले जाऊ शकतात. ध्वनिमुद्रणापूर्वी ती बंद करावी.

नमुनादरही तपासावा. ४४.१ किलोहर्ट्‌झवर घेतलेला आवाज ४८ किलोहर्ट्‌झचा समजून वाजवला गेला, तर तो सुमारे नऊ टक्के जलद होतो. ९० मिनिटांची कॅसेट ८३ मिनिटांच्या आत संपते, आणि सत्तरीतल्या आजीचा आवाज चढून तरुण वाटू लागतो. ऐकणाऱ्याला काही चुकले असा संशयही येत नाही. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट अशी शिफारस केली आहे. तीच सर्वत्र ठेवावी.

कानाची परीक्षा म्हणून मी एक वाक्य ठरवले आहे: ‘चार गाईंना शेतातला सुका चारा घाल.’ त्यात ‘चार’मधला तालव्य च आणि ‘चारा’मधला दंततालव्य च शेजारी येतात, श, स आणि महाप्राण घही आहेत. संगणक चांगला असताना हे वाक्य मुद्रित करून ठेवावे. कोणताही भाग बदलला की ते पुन्हा म्हणावे आणि दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत. दोन्ही च वेगळे ऐकू आले, तरच पुढची कॅसेट लावावी. ज्यांचे बोल या कॅसेटींत आहेत, त्यांतील अनेकांना आता पुन्हा विचारता येणार नाही.