सांध्यावाचून घडलेले यंत्र

तापलेल्या दुधाचे पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवण्याची युक्ती आपल्या घरात नित्याचीच आहे. दूध पाण्यात मिसळत नाही. तरीही त्यातील उष्णता पातेल्याच्या पत्र्यातून पाण्यात उतरते आणि दूध निवते. वाचकहो, मोटारीचा रेडिएटर किंवा शीतकपाटाच्या नळ्या याच तत्त्वावर काम करतात. एका प्रवाहातील उष्णता दुसऱ्या प्रवाहास देणाऱ्या अशा साधनास उष्णता-विनिमयक म्हणतात.

त्याची भिंत पातळ आणि पृष्ठभाग विस्तृत असावा लागतो. थोड्या जागेत विस्तृत पृष्ठभाग साधायचा तर धातूच्या पोटात अरुंद, वळणावळणाचे मार्ग हवेत. परंतु भोक पाडणारे गिरमिट सरळ जाते. ते आत वळत नाही. म्हणून निरनिराळे भाग घडवून ते जोडावे लागतात. आणि जितके सांधे अधिक, तितके गळतीचे भय अधिक.

या अडचणीवर थरावर थर रचण्याची नवी पद्धती उपयोगी पडली आहे. धातूच्या चूर्णाचा पातळ थर पसरतात. संगणकातील आराखड्याबरहुकूम लेसर किरण हवा तेवढाच भाग वितळवून सांधतो. त्यावर पुन्हा चूर्ण, पुन्हा किरण. शेवटी सुटे चूर्ण काढून टाकले की आतील मार्गांसह अखंड वस्तू हाती येते.

तिची कसोटी मंगळावर लागली. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथे उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या नासाच्या गाडीत ‘मॉक्सी’ नावाचे उपकरण होते. मंगळाच्या हवेतील कर्बवायूपासून प्राणवायू काढणे हे त्याचे काम. त्यासाठी सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णता लागे. तिच्यापासून नाजूक भाग वाचविण्यास तळहाताएवढे सहा विनिमयक निकेलच्या मिश्रधातूत याच रीतीने घडविले होते. एरवी प्रत्येकी दोन तुकडे जोडावे लागले असते. येथे प्रत्येक विनिमयक एकसंध होता. २०२३ मध्ये काम संपेपर्यंत मॉक्सीने १२२ ग्रॅम प्राणवायू निर्माण केला.

भारतातही या पद्धतीने सांधे कमी केले आहेत. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे असे इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. १४ भागांऐवजी एकच भाग झाला, १९ जोड वाचले. ५६५ किलो धातूच्या जागी १३.७ किलो चूर्ण पुरले.

तथापि ही पद्धती निर्दोष नाही. थरांत सूक्ष्म भेगा राहू शकतात, अरुंद मार्गांत चूर्ण अडकते, पृष्ठभाग खरखरीत होतो. मॉक्सीचे विनिमयक म्हणूनच १००० अंशांहून अधिक उष्णतेत चहूबाजूंनी दाबून घेतले आणि त्यांचा धातू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. सांधा गेला म्हणजे सावधगिरीची गरज सरली असे नव्हे. पूर्वी कारागीर डोळ्यांसमोरचा जोड तपासत असे. आता न दिसणाऱ्या अंतरंगाची खात्री करून घ्यावी लागते.