चीनमधील परकीय रहिवाशाचे दैनंदिन जीवन : मराठी विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

परदेशी उच्च शिक्षणाचा विचार पूर्वी महानगरांपुरता मर्यादित होता. गेल्या दोन दशकांत तो मनमाड, नांदगाव, येवला यांसारख्या गावांतील मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत पोहोचला आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी चीन हा त्यातील एक प्रमुख पर्याय होय. सप्टेंबर २०२२ मध्ये बीजिंग येथील भारतीय दूतावासाने दिलेल्या माहितीनुसार चिनी विद्यापीठांत २३,००० हून अधिक भारतीय विद्यार्थ्यांची नोंद होती व त्यांतील बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे होते. बारावीनंतर असा निर्णय घेण्यापूर्वी पालक बहुधा महाविद्यालयातील प्राध्यापकांचा सल्ला घेतात. प्रवेश व शुल्क यांची माहिती एजंट देतो. तेथे रोज जगावे कसे, याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

चीनमध्ये परकीय म्हणून राहिलेल्या मराठी माणसाचा विचार करताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव प्रथम येते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर असे दोन डॉक्टर महाराष्ट्रातून गेलेले होते. त्यागाच्या कथेत कोटणीसांच्या जीवनातील एक व्यावहारिक गोष्ट झाकली जाते. ते चिनी भाषा बोलावयास व वाचावयास शिकले आणि त्याच भाषेत शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी परिचर्येच्या अध्यापिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चिनी लोक त्यांना ‘ख तीह्वा’ या नावाने ओळखतात. रुग्णाशी त्याच्याच भाषेत बोलणे हा त्यांच्या कार्याचा पाया होता. आजच्या विद्यार्थ्याची खरी अडचणही येथेच सुरू होते.

नोंदणी : पहिले चोवीस तास

चीनमध्ये परकीयांचे वास्तव्य १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्याने नियंत्रित होते. हॉटेलमध्ये उतरल्यास नोंदणी हॉटेलच करते. अन्यत्र, म्हणजे भाड्याच्या घरी वा मित्राकडे मुक्काम केल्यास २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात निवासनोंद करणे बंधनकारक आहे. न केल्यास ताकीद, तसेच २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. वसतिगृहातील विद्यार्थ्याची नोंद बहुधा विद्यापीठामार्फत होते, म्हणून हा नियम त्याच्या लक्षात राहत नाही. पुढे तो स्वस्त खोली घेऊन बाहेर राहू लागतो आणि अडचणीत येतो. नोंदीस तयार नसलेल्या घरमालकाची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, हा तेथील जुन्या रहिवाशांचा सल्ला म्हणूनच मोलाचा आहे.

१८० दिवसांहून अधिक शिक्षणासाठी ‘एक्स-१’ व्हिसा मिळतो. त्यावर देशात प्रवेश केल्यापासून ३० दिवसांत निवास परवाना काढावा लागतो. सोळा वर्षांवरील परकीयाने पारपत्र सतत जवळ बाळगले पाहिजे. आपल्याकडील त्रिपदी नावाची अडचण या ठिकाणी उद्भवते. पारपत्रात वडिलांचे नाव विद्यार्थ्याच्या नावाला जोडून छापलेले असेल, तर बँक खाते, सिमकार्ड व रेल्वे तिकीट या सर्वांवर तेच नाव, त्याच क्रमाने हवे. मनमाडसारख्या जंक्शनवर वाढलेल्या मुलाला आयत्या वेळी तिकीट काढून गाडीत चढण्याची सवय असते. चीनमधील रेल्वे तिकीट मात्र पारपत्र क्रमांकाशी जोडलेले असते व स्थानकात प्रवेश करतानाच त्याची पडताळणी होते.

परवानगीशिवाय काम करणे ही याहून गंभीर बाब आहे. लहान मुलांना इंग्रजी शिकविण्याची कामे सहज मिळतात आणि ‘सगळेच करतात’ असे सांगितले जाते. कायद्याने मात्र अशा कामास ५,००० ते २०,००० युआन दंड असून, प्रकरण गंभीर ठरल्यास ५ ते १५ दिवसांची कोठडीही होऊ शकते. घरून येणाऱ्या पैशावर शिकणाऱ्या मुलाने हा धोका पत्करू नये, हे पालकांसमोरच स्पष्ट सांगितलेले बरे.

भाषा आणि संबोधने

इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम असल्याने चिनी भाषेची गरज नाही, असे प्रवेशाच्या वेळी सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. व्याख्यान इंग्रजीत असले तरी रुग्ण चिनी बोलतो. म्हणूनच प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षणापूर्वी एचएसके या भाषापरीक्षेची चौथी पातळी गाठण्याची अपेक्षा ठेवली जाते. जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेनुसार ही पातळी म्हणजे सुमारे १,२०० शब्दांचे ज्ञान होय. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घाईने भाषा शिकू पाहणारा विद्यार्थी दोन्हीकडे मागे पडतो.

चिनी भाषेत स्वराघाताने अर्थ बदलतो. ‘माय’ हा एकच ध्वनी तिसऱ्या सुरात ‘विकत घेणे’ आणि चौथ्या सुरात ‘विकणे’ असा अर्थ देतो. मराठी कानाला तो भलताच जिव्हाळ्याचा वाटतो, हा भाग निराळा. संबोधनांच्या बाबतीत मात्र मराठी विद्यार्थी परका राहत नाही. आपल्याकडे अनोळखी प्रौढ स्त्रीला मावशी वा काकू म्हणावे, तसे तेथे ‘आयी’ म्हणतात. शिक्षकाला ‘लाओशी’ व वाहनचालक वा कारागिराला ‘शफू’ म्हटले जाते. वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या बाईंना पहिल्या दिवसापासून ‘आयी’ म्हणणाऱ्या मुलाची निम्मी कामे सोपी होतात.

आहार

मराठी कुटुंबांचा, विशेषतः मनमाड परिसरातील जैन व अन्य शाकाहारी कुटुंबांचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो. चीनमध्ये शाकाहाराची कल्पना जुनी आहे. त्यासाठी ‘सू’ हा शब्द आहे. तथापि ‘मांस नको’ एवढेच सांगितल्यास भाजी मांसाच्या रश्शात वा चरबीत शिजलेली येऊ शकते, कारण दिसणारा तुकडा नसला की मांस नाही, अशी अनेकांची समजूत असते. बौद्ध विहारांलगतच्या भोजनालयांत परंपरेने कांदा व लसूणही वर्ज्य असतो. कांद्याच्या या मुलुखातून गेलेल्या विद्यार्थ्याला ते अळणी वाटेल, पण त्याच्या जैन मित्राची सोय होईल. नळाचे पाणी थेट पिण्याची तेथे पद्धत नाही. सर्वत्र उकळलेले गरम पाणी मिळते व तेच प्यावे. मेस असलेल्या वसतिगृहातही पहिल्या महिन्यापुरते मेतकूट, चटण्या जवळ असणे पोटापेक्षा मनाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

संपर्क व व्यवहार

घराशी संपर्क ही आजची सर्वांत विचित्र अडचण आहे. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, यूट्यूब व फेसबुक बंद आहेत. तर तेथील सर्व व्यवहार ज्यावर चालतात त्या वीचॅटवर भारताने जून २०२० मध्ये बंदी घातली. म्हणजे मुलाचे साधन आईकडे चालत नाही व आईचे मुलाकडे. दोन्हीकडे चालणारे साधन निघण्यापूर्वीच निश्चित करून तपासून पाहणे, आणि दूतावासाचे व विद्यापीठाचे क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवणे, एवढे तरी करावे. बंदी टाळण्याच्या व्हीपीएनसारख्या युक्त्या सर्रास सुचविल्या जातात. शासनाची मान्यता नसलेले असे मार्ग तेथील नियमांत बसत नाहीत, हे सहसा सांगितले जात नाही. चीनची वेळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. मनमाडला रात्री नऊला जेवणे आटोपून फोन केला, तर तेथे साडेअकरा वाजलेले असतात.

रोख पैसे क्वचितच लागतात. २०२३ पासून अलीपे व वीचॅट या सेवांना परदेशी कार्ड जोडण्याची सोय वाढविण्यात आली. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी १२० व अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक आहेत. बीजिंग येथील दूतावासाखेरीज शांघाय व क्वांगचौ येथे भारताचे वाणिज्य दूतावास आहेत. परदेशातील नागरिकांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ असून त्यावर विद्यार्थ्याने आपली नोंद स्वतः करावयाची असते.

पदवीचा प्रश्न

हे सर्व सांभाळूनही मूळ प्रश्न उरतो. दूतावासाच्याच माहितीनुसार २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेले ४०,४१७ विद्यार्थी भारतातील चाचणी परीक्षेस बसले व त्यांतील ६,३८७ उत्तीर्ण झाले. हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आहे. नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि त्या देशात वैद्यकीय व्यवसाय करण्यास पात्र ठरणे या अटी आहेत. ‘नीट’ तर आवश्यक आहेच. शेवटची अट पुन्हा भाषेपाशीच येते, कारण चिनी परवाना इंग्रजीच्या बळावर मिळत नाही.

२८ मार्च २०२० पासून चीनने परकीयांचा प्रवेश थांबविला आणि विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. या काळात घरी अडकलेल्या विद्यार्थ्यांनी शवविच्छेदनापासून रुग्णतपासणीपर्यंतचे विषय मोबाईलच्या पडद्यावर शिकले. शुल्क मात्र भरावे लागले, आणि नंतर भारतात त्यांच्या आंतरवासितेचा कालावधी वाढविण्यात आला. यात विद्यार्थ्याचा दोष नव्हता, पण भार त्याच्याच कुटुंबावर पडला. कर्ज काढून मुलाला पाठविणाऱ्या पालकाने अशा खंडाची शक्यता हिशेबात धरली आहे काय, हा प्रश्न एजंट विचारणार नाही. तो महाविद्यालयातच विचारला जाऊ शकतो. थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाल्याने जाण्याचा मार्ग आता सोपा झाला आहे, आणि नव्या प्रवेशांसाठीची विचारणाही त्याबरोबर वाढण्याचा संभव आहे.