आजी, आ करा बरं

सकाळचे साडेसहा. बीड जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात देखभाल करणाऱ्या मावशींच्या पुढ्यात स्टीलच्या सहा डब्या. प्रत्येकीत रात्रभर पाण्यात ठेवलेली कवळी. झाकणांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे, कारण नाव वाचता न येणारे इथं बरेच आहेत. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात गेली, तर हिरडी सोलवटून निघते. मावशी पाण्यानं भरलेल्या घमेल्यावरच कवळी घासतात. हातातून निसटली तरी फुटत नाही. मऊ ब्रश, साधा साबण. कढत पाणी वर्ज्य, त्यानं कवळी वाकडी होते.

चार दिवस मी त्यांच्यामागे फिरले.

खिडकीजवळच्या आजींच्या तोंडात तीनच दात उरलेत, पण उठल्या उठल्या मिश्री लागते. दसरा-दिवाळीनंतर सहा महिने ऊसतोडीला जाण्यात त्यांचा जन्म गेला. "मिश्री लावली की भूक लागायची न्हाई माय, काम उरकायचं," त्या म्हणाल्या. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. मावशी ओरडत नाहीत. चिमूट लहान करत आणतात आणि दर सोमवारी बॅटरी लावून गाल, हिरड्या, जिभेच्या खालची जागा न्याहाळतात. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, की डॉक्टरांना दाखवायचंच.

सर्वांत अवघड काम अर्धांगवायू झालेल्या बाबांचं. आधी डोक्याकडून खाट उचलायची, मान एका बाजूला वळवायची, मग ब्रशच्या दांड्याला ओलं गॉज गुंडाळून गाल, हिरड्या, जीभ आतून बाहेर पुसायची. पाणी अगदी थोडं, कारण गिळताना ठसका लागतो. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमधल्या 11 नर्सिंग होममध्ये दोन वर्षं चाललेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज जेवणानंतर तोंडाची निगा राखलेल्यांपैकी 11 टक्के जणांना न्यूमोनिया झाला. तशी निगा न राखलेल्यांपैकी 19 टक्के जणांना. फरक घडवला तो नियमित निगेनं.

शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, बीडपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. खाटेवरच्या माणसाला एका दातासाठी तिथवर नेणं घडत नाही. म्हणून रोज तोंडात डोकावणारा हात आश्रमातच हवा, आणि तो हात शिकवून तयार करता येतो.

कोपऱ्यातल्या आजींनी महिनाभरापूर्वी जेवण सोडलं होतं. ताट तसंच परत जायचं. भेटायला आलेला मुलगा म्हणाला, "वय झालंय आता." मावशींनी मात्र बॅटरी आणली. "आजी, आ करा बरं." खालच्या हिरडीत दाताचा तुटका खुंट होता, त्याची धार जिभेला कापत होती. प्रत्येक घासाला. आजी कुणाला बोलल्या नव्हत्या. म्हातारपणी दुखायचंच, असं त्यांनी धरलं होतं. सरकारी दवाखान्यात तो खुंट निघाला.

मी निघाले त्या दुपारी ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून आजींपुढे ठेवली होती. दोन घास खाऊन त्यांनी मावशींचा पदर धरला. "पापुद्रा दे की गं थोडा," त्या म्हणाल्या, "नुस्ता चोखीन."