सागवानी दार पावसाळ्यात का अडकतं? लाकूड बसवण्याआधी त्यातलं पाणी का मोजायचं?

मे महिन्यात बसवलेलं नवंकोरं सागवानी दार जुलैत चौकटीला घासू लागतं. खांद्याने रेटल्याशिवाय लागत नाही. सुताराला बोलावलं जातं, तो कडेवर रंधा मारतो आणि दार मोकळं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच कडेला फट दिसू लागते. मग दोष सुताराला तरी दिला जातो, नाहीतर 'सागवान अस्सल नव्हतं' असं ठरवलं जातं. अनेकदा दोन्ही खरं नसतं. दार बसवलं तेव्हा लाकडात पाणी किती होतं, हे कुणी मोजलेलंच नसतं.

लाकडात पाणी कुठे असतं?

ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींमध्ये. वाळताना आधी पोकळीतलं पाणी जातं. त्याने वजन कमी होतं, पण आकार बदलत नाही. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतींमधलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आकसतं. पुन्हा पाणी शोषलं की फुगतं.

हा बदल सगळ्या दिशांनी सारखा नसतो. ताज्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वर्षवलयांना समांतर दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं, तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के. लांबीत फरक नगण्य असतो. म्हणून दार उंचीला तेवढंच राहतं आणि रुंदीला फुगतं.

इतर अनेक लाकडांच्या तुलनेत सागवान कमी हलतं. तरीही ९०० मिलिमीटर रुंदीचं सलग फळ्यांचं दार ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर ६ ते ७ मिलिमीटरपर्यंत फुगू शकतं. दार आणि चौकटीतली फट मात्र बहुधा दोन-तीन मिलिमीटरच असते. पॅनेलच्या दारात हा त्रास कमी होतो, कारण त्यातली पॅनेल खाचेत मोकळी बसवलेली असतात आणि तिथल्या तिथे फुगतात.

मग लाकूड पूर्ण कोरडं का करत नाहीत?

कारण ते तसं राहत नाही. आजूबाजूची हवा जितकी दमट, त्या प्रमाणात लाकूड पाणी धरून ठेवतं. सुमारे २७ अंश तापमानात हवेची आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकूड सहा टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. आर्द्रता ६५ टक्के असेल तर सुमारे १२ टक्क्यांवर आणि ८० टक्के असेल तर सुमारे १६ टक्क्यांवर.

चंद्रपूर, गडचिरोलीचं सागवान राज्यभर जातं. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळलेली फळी रत्नागिरीत आणून लगेच घट्ट बसवली, तर पहिल्याच पावसात ती जागा मागणार. उलट, पावसाळ्यात मुंबईच्या गोदामात पडून असलेली फळी नागपुरात बसवली, तर एप्रिलपर्यंत सांधे उघडणार.

म्हणूनच भारतीय मानक आयएस २८७ मध्ये देशाचे हवेतल्या आर्द्रतेनुसार चार विभाग केले आहेत. दारं, खिडक्या, फरशी अशा प्रत्येक वापरासाठी विभागानुसार ओलाव्याची वेगळी मर्यादा दिली आहे. लाकूड जास्तीत जास्त कोरडं करणं हा उद्देश नाही. ज्या घरात ते राहणार, तिथल्या उन्हाळा-पावसाळ्याच्या मधल्या पातळीवर ते आणायचं असतं.

घरी आणल्यावर किती दिवस ठेवायचं?

'तीन दिवस ठेवा' किंवा 'आठवडाभर ठेवा' असे सल्ले सर्रास दिले जातात. पण दिवसांचा आकडा सगळ्या लाकडांना लागू होत नाही. पातळ फळी लवकर जुळवून घेते, जाड किंवा घट्ट लाकडाला कित्येक आठवडे लागू शकतात. ओलाव्याच्या काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी सारख्या आल्या, की लाकूड तयार झालं असं समजायचं.

त्याआधी घर तयार हवं. प्लास्टर, लादी आणि पुट्टीतलं पाणी सुकलेलं नसेल, तर त्या खोलीत ठेवलेलं लाकूड उलट ओलावाच पितं. एसी रोज चालणार असेल, तर तो या काळातही चालू हवा. फळ्या जमिनीपासून उचलून ठेवायच्या, प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या घालायच्या आणि या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत आणायच्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लाकूड हवेशी जुळवून घेऊ शकत नाही.

ओलावा मोजतात कसा?

सर्वांत सोपं साधन म्हणजे दोन सुया असलेलं मॉइश्चर मीटर. लाकूड जितकं ओलं, तितका विजेला विरोध कमी, या तत्त्वावर ते चालतं. मात्र प्रत्येक जातीसाठी दुरुस्ती लागते. मीटरवर सागवान निवडलं नाही किंवा सोबतचा तक्ता वापरला नाही, तर आकडा फसवा येतो. क्षारयुक्त औषध मारलेल्या लाकडातही आकडा जास्त दिसू शकतो.

फक्त पृष्ठभाग तपासून भागत नाही. बाहेरून वाळलेली फळी आत ओली असू शकते. त्यामुळे एक फळी टोकापासून लांब कापून नव्या कापाच्या मध्यभागी मोजावं आणि अनेक फळ्या तपासाव्यात.

शंका असेल तर भट्टीची चाचणी निर्णायक ठरते. छोटा तुकडा वजन करून सुमारे १०३ अंशांवर, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवतात. ६० ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅमवर आला, तर गेलेलं पाणी १० ग्रॅम. कोरड्या वजनाशी प्रमाण काढलं की ओलावा २० टक्के.

लाकडी फरशी करताना खालचं काँक्रीटही तपासावं लागतं. नाहीतर वाळलेल्या फळ्यांना खालून ओल मिळत राहते आणि त्यांच्या कडा वर उचलल्या जातात.

घरमालकाने काय करावं?

ऑर्डर देताना 'सीझन केलेलं लाकूड' एवढंच न लिहिता ओलाव्याचा टक्का लिहून घ्यावा. माल आल्यावर आणि बसवण्याच्या दिवशी असा दोनदा तो मोजावा. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही पॉलिश किंवा रंग द्यावा. या कडा कोऱ्या राहिल्या तर तिथून पाणी सर्वांत लवकर शिरतं. पॉलिशने ओलावा पूर्ण थांबत नाही, पण त्याचा वेग मंदावतो.

आणि दार जुलैत अडकलंच, तर रंध्याची घाई करू नये. अगदीच नाइलाज असेल तर थोडंसंच तासून ती कड लगेच रंगवावी. बाकीचा निर्णय पाऊस संपून लाकूड वाळल्यावर, डिसेंबरच्या सुमारास घ्यावा.