पोत्यावर आंबेमोहर, आत काय?

तुम्ही भोर-वेल्ह्याच्या बाजूचे असाल, तर तांदूळ कसा पारखून घेतात हे तुम्हांला सांगायला नको. पोत्यावर ‘आंबेमोहर’ असे ठसठशीत छापलेले असले तरी आजी तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही. ती मूठभर दाणे तळहातावर घेते, वास घेते, एखादा दाणा दाताखाली धरून पाहते. नाव कोणालाही छापता येते, वास छापता येत नाही. संगणकातल्या गाण्यांच्या बाबतीत मात्र आपण ही साधी गोष्ट हटकून विसरतो.

समजा, तुमची शाळा मार्गासनीला आहे. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना राजगडाची वाट जिथे फुटते, तेच हे गाव. स्नेहसंमेलन चार दिवसांवर आले आहे आणि ‘गीतरामायणा’तल्या एका गीतावर नाच बसवायचा आहे. बाई म्हणाल्या, “माणिक वर्मांच्या आवाजातले मिळाले तर पाहा.” कोणाच्या तरी दादाने एक पेनड्राइव्ह आणून दिला. त्यात एकाच नावाच्या तीन फाइली निघाल्या. पहिली वाजतच नाही. दुसरीचे चित्र जरा वेगळेच दिसते. तिसरी वाजते, पण आवाज पुरुषाचा! आता निवेदकाने व्यासपीठावर कोणाचे नाव सांगायचे?

पहिल्या फाइलीचे वजन करू या. एमपी३ जातीच्या फाइलीत दर सेकंदाला ठरावीक बिटे खर्च होतात. १२८ किलोबिटांचा दर धरला, तर चार मिनिटांच्या, म्हणजे २४० सेकंदांच्या गाण्याला १,२८,००० × २४० बिटे लागतील. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागा. उत्तर येते ३८,४०,००० बाइट, सुमारे ३.८ मेगाबाइट. तुमची फाईल २०० किलोबाइटांची असेल, तर या दराने तिच्यात साडेबारा सेकंदांपेक्षा जास्त गाणे मावूच शकत नाही. एक तर ती अर्धवट उतरलेली आहे, नाही तर ती गाणे नव्हेच. तिच्यामागे वेळ घालवू नका.

दुसरी फाईल दोनदा टिचकी मारून उघडू नका, बरे का! विंडोज संगणक ओळखीच्या फाइलींचे शेपूट, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे, मुळात लपवून ठेवतो. त्यामुळे ‘गाणे.एमपी३.ईएक्सई’ अशी फाईल पडद्यावर ‘गाणे.एमपी३’ एवढीच दिसते. ‘ईएक्सई’ म्हणजे गाणे नव्हे, संगणकाला कामाला लावणारी आज्ञावली. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या उपद्रवी आज्ञावलीने हीच युक्ती वापरली होती. ती संगणकातली एमपी३ गाणी लपवी आणि त्यांच्याच नावापुढे वेगळे शेपूट जोडून स्वतःची प्रत तिथे ठेवी. शाळेच्या संगणकात दहावीचे गुण आणि दाखले असतात, तिथे असा पाहुणा नको.

मग न उघडता आत डोकवायचे कसे? फाइलीतले बाइट नुसते अंकांच्या रूपात दाखवणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात. शिक्षकांना सोबत घेऊन फाइलीचे पहिले दोन-तीन बाइट वाचा. एमपी३च्या सुरुवातीला बहुधा ‘आय’, ‘डी’, ‘३’ ही तीन चिन्हे असतात, किंवा पहिल्या बाइटची किंमत २५५ असते. विंडोजच्या आज्ञावलीच्या आरंभी ‘एम’ आणि ‘झेड’ ही अक्षरे दिसतील. गंमत अशी, की ती मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याची आद्याक्षरे आहेत! बाहेरचे नाव काहीही असो, आत ‘एमझेड’ दिसले की फाईल पुसून टाका.

असली लबाडी होते कशी, हेही पाहून ठेवा. १९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग या तरुणाने ‘नॅपस्टर’ सुरू केले. त्यात गाणी एका कोठारात नसत. कोणाकडे काय आहे याची नावांची यादी तेवढी मधल्या संगणकावर असे, आणि फाईल एकाच्या घरून थेट दुसऱ्याच्या घरी जाई. नाव टाकणारा म्हणेल ते नाव! एकाने चूक केली की हजारांकडे तीच चूक. पुढे काहींनी मुद्दामच खोट्या फाइली सोडल्या. २००३ साली मॅडोना या गायिकेच्या नव्या गाण्यांच्या नावाखाली अशा फाइली पसरल्या, की त्यांत गाण्याऐवजी तिचा चिडून विचारलेला प्रश्न ऐकू येई. फुकट्यांना चपराक म्हणून ते ठीकच म्हणायचे.

आता तिसरी फाईल. हिच्यात लबाडी नसून गोंधळ असण्याचा संभव जास्त, आणि त्याचे कारण आपल्या पुण्यातच आहे. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडक्यांच्या संगीतात पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला प्रसारित झाली, तेव्हा माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे अनेक गायक त्यांत होते. पुढे तबकड्या निघाल्या त्या फडक्यांच्या आवाजात. एकाच गीताचे दोन आवाज झाले, आणि फाइलीवर नाव लिहिणाऱ्याला बहुधा एकच ठाऊक होते.

आवाज फडक्यांचाच आणि ध्वनिमुद्रण तबकडीवरचेच, हे कसे ताडून पाहाल? कंपनीने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले गीत शिक्षकांच्या फोनवर ऐका आणि शाळेची पेटी जवळ घ्या. कॅसेटवरून उतरवलेली गाणी पुष्कळदा वेगात फरक पडून येतात. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला, की पांढरी एकचा षड्ज काळी एकवर जातो आणि २४० सेकंदांचे गाणे २२६ सेकंदांत संपते. म्हणून दोन्हींचा षड्ज पेटीवर शोधा, पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंतचा वेळ घड्याळाने मोजा. सूर जितक्या पटीने चढला तितक्याच पटीने वेळ घटला असेल, तर मूळ ध्वनिमुद्रण एकच असण्याची दाट शक्यता आहे. सूर तोच आणि वेळ मात्र कमी असेल, तर एखादा अंतरा कापलेला आहे का ते बघा. तसेही नसेल, तर ती निराळीच मैफल असावी.

नावे इतकी चुकतात याला एक जुनी अडचणही कारणीभूत आहे. १९९६च्या सुमारास एमपी३च्या शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडायची पद्धत निघाली. तिच्यात गायकाच्या नावाला ३० बाइट मिळत. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खाते. ‘सुधीर फडके’ लिहायला २८ बाइट लागतात, म्हणजे बसते. ‘माणिक वर्मा’ लिहायला ३१ लागतात. एका बाइटाने नाव तुटले! स्वतः मोजून पाहा. शिवाय ती चिठ्ठी देवनागरीसाठी केलेलीच नव्हती. म्हणून मराठी नावे रोमन लिपीत, ज्याच्या मनाला येईल तशी लिहिली गेली. १९९८च्या सुधारित पद्धतीची चिठ्ठी फाइलीच्या आरंभी येते (तेच ते ‘आय, डी, ३’) आणि तिच्यात हवे तेवढे मोठे नाव मावते.

एक गोष्ट राहिली. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, आणि गीतावरचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षे. माडगूळकर १९७७ साली गेले, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. पेनड्राइव्हवरची प्रत बाजूला ठेवून अधिकृत ठिकाणचेच गीत वाजवलेले बरे. निवेदकाच्या कागदावर आधी लिहिलेले नाव खोडून तिथे ‘स्वर : सुधीर फडके’ असे लिहा. बाईंना हवा असलेला दुसरा आवाज आकाशवाणीचा होता, हेही त्यांना सांगा.