तापलं की बिघडतं : गरम इंजिनाची तपासणी

पेट्रोल इंजिन सकाळी सुरळीत चालते, पण तापले की मिसिंग, झटके, बंद पडणे सुरू. असा दोष बहुधा गरम इंजिनातच सापडतो.

• इग्निशन कॉइल : उष्णतेने आतली तार किंवा इन्सुलेशन दगा देते. गाडी बंद पडताच स्पार्क टेस्टर लावून ठिणगी पाहा. कॉइल थंड झाल्यावर मोजली, तर ती निर्दोष दिसू शकते.

• टाकीचे झाकण (दुचाकी) : हवेचे छिद्र बुजले की टाकीत निर्वात पोकळी तयार होऊन पेट्रोल अडते. झाकण उघडून बसवताच गाडी पूर्ववत झाली, तर दोष तिथेच.

• टॅपेट : फट कमी असेल तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळते. फट मात्र बहुतेक इंजिनांत थंड असतानाच मोजतात.

• कूलंट सेन्सर : याचा रोध 20 अंश सेल्सिअसला साधारण 2 ते 3 किलोओम असतो, 80 अंशांना सुमारे 300 ओमवर येतो. तो वरच अडकला, तर ईसीएम (इंजिनाचा नियंत्रक संगणक) इंजिन थंड समजून जादा पेट्रोल सोडते. खूण : काळा धूर, काजळलेला प्लग.

• ऑक्सिजन सेन्सर : सुमारे 300 अंशांच्या पुढेच नीट काम करतो. त्याआधी ईसीएम ठरावीक तक्त्यावर चालते, त्यामुळे त्याचा बिघाड सुरुवातीला लपतो.

सावधान : गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, दाबाखालचे उकळते कूलंट अंगावर उडते.