नुसता आरपीएम विचारू नका

खंडाळ्यात मी विहिरीवरच्या मोटारी भरून देतो. इंजिनिअरिंगची पोरं स्पर्धेच्या रोबोसाठी मोटार दाखवायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, हिचा आरपीएम किती?"

त्यावरून मोटार कळत नाही. डीसी मोटार मोकळी फिरते तेव्हा वेग सर्वांत जास्त, पण जोर कामाला येत नाही. शाफ्ट अडवून धरला की जोर सर्वांत जास्त, वेग शून्य. खरी ताकद मिळते मधोमध, वेग निम्म्यावर आल्यावर. अमेरिकेतल्या शालेय रोबो स्पर्धांत वर्षानुवर्षं चाललेली सिम मोटार घ्या. १२ व्होल्टवर ती मोकळी मिनिटाला सुमारे ५,३०० फेरे घेते, मधोमध साधारण ३३७ वॉट देते. तीच अडली तर सुमारे १३० अँपिअर ओढते, म्हणजे दीड हजार वॉटची निव्वळ उष्णता! आधी वार्निशचा उग्र वास येतो, मग तांब्याची तार काळी पडते.

२०१४ साली आशिया-पॅसिफिक रोबोकॉन ही रोबो स्पर्धा पुण्याला, बालेवाडीत झाली. त्यात मोठ्या रोबोने छोट्याला झोपाळा, सी-सॉ खेळवायचा होता. उचलायला जोर, पळायला वेग. वेगाच्या बदल्यात जोर मिळवून देतो गिअरबॉक्स, म्हणून तो मोटारीइतकाच महत्त्वाचा. खंबाटकी घाट चढताना ट्रकवाला गिअर उतरवतो तो याचसाठी.

ब्रशलेस मोटार हलकी असते, तिच्यात ब्रशच नसल्याने ते झिजायचा प्रश्नच नाही. पण तिला वेगळा कंट्रोलर लागतो. पोरांना मी एवढंच सांगतो, दोन मोटारींना सारखंच वजन उचलायला लावा, डीसी क्लॅम्प मीटर लावा, आणि मगच पैसे मोजा.